भुंग्याची कबुली

भुंग्याने गुन्हा कबूल केला आहे, असं रेगेबाईंचं ठाम मत होतं. आणि रेगेबाईंच्या मताला आव्हान देणारा माणूस देवरुखात अजून जन्मायचा होता.

सोमवारी सकाळी शेजारच्या दळवीकाकूंच्या खुराड्यातली एक तलंग कोंबडी मरून पडलेली सापडली. पिसं उडत उडत पार बाईंच्या पायरीपर्यंत आली होती. काकू कुंपणापाशी येऊन ओरडायला लागल्या तशा बाई बाहेर आल्या. अंगणात भुंगा नेहमीसारखा शेपूट हलवत उभा होता. काळाकुळकुळीत अंग, डोळ्यांवर दोन तपकिरी ठिपके. बाईंनी कमरेवर हात ठेवले आणि चौतीस वर्षं वर्गात जो आवाज लावला, त्याच आवाजात विचारलं, "भुंग्या, हे कुणी केलं?"

भुंग्याचे कान मागे गेले. शेपूट पोटाखाली गेली. मान खाली घालून त्याने डोळ्यांच्या कोपऱ्यातून बाईंकडे बघितलं, ओठांवरून जीभ फिरवली आणि तोंड वळवलं.

"बघा, बघा! कबूल करतोय मेला," काकू म्हणाल्या.

"करतोय," बाई म्हणाल्या. "न्याय करताना मी आपलं-परकं बघत नाही. रविवारी त्याला रत्नागिरीच्या प्राणी-आश्रमात पाठवते."

काकू गडबडल्या. त्यांना एवढं काही नको होतं. "अहो बाई, चार दिवस बांधून ठेवलंत तरी पुरे की."

"नाही. कबूल केलं ना त्याने? मग झालं."

हे बोलून बाई आत गेल्या खऱ्या, पण चहा गाळायचा सोडून खिडकीतून भुंग्याकडे बघत राहिल्या. सहा वर्षांपूर्वी पऱ्याच्या पाण्यावर टाकलेल्या साकवाखाली कुडकुडणारं पिल्लू त्यांनी पदरात गुंडाळून आणलं होतं. तेव्हापासून घरात बोलायला तेवढंच एक माणूस होतं. माणूस हा शब्द बाईंच्या मनात आपसूक यायचा, आणि विज्ञानाच्या शिक्षिकेला तो शोभत नाही म्हणून त्या तो लगेच खोडायच्या.

कुमुदिनी रेगे म्हणजे गावातल्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. प्रयोगशाळेत काही फुटलं किंवा हरवलं की त्या वर्गाला व्हरांड्यात उंचीप्रमाणे रांगेत उभं करायच्या आणि एकेकाच्या डोळ्यांत बघत रांगेवरून चालायच्या. जो नजर खाली घालेल तो दोषी. या पद्धतीचा गावात इतका दरारा होता की आजही केस पांढरे झालेले दुकानदार बाई समोरून आल्या की वजनकाट्यात डोकं घालायचे. बाईंना त्याचं बरंच वाटायचं. चेहरा वाचता येतो आपल्याला, त्या म्हणायच्या.

* * *

आश्रमात जनावर घ्यायचं तर डॉक्टरचा दाखला लागतो. म्हणून मंगळवारी डॉक्टर नंदकिशोर भुवड आले. बाईंचा जुना विद्यार्थी. वय चव्वेचाळीस, पोट सुटलेलं, पण बाईंच्या ओटीवर पाऊल टाकण्याआधी अजून शर्टाचं वरचं बटण लावायचा.

"बाई, नुसता दाखला चालत नाही हल्ली. स्वभावाचा अहवाल लागतो. पाच दिवस हा पट्टा घालून ठेवावा लागेल." त्याने पिशवीतून बोटभर रुंदीचा राखाडी पट्टा काढला. "मनपट्टा. आमच्या दवाखान्यात गेल्याच महिन्यात आला."

"जाहिरात बघितली आहे मी. कुत्र्याचं मन वाचतो म्हणे. मन कशाने मोजतात रे, वाटीने की फूटपट्टीने?"

नंदू हसला आणि भुंग्याच्या गळ्यात पट्टा अडकवू लागला. "मन नाही मोजत बाई, मनाबरोबर शरीरात जे होतं ते मोजतो. हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर. श्वासाची लय. आणि कानामागे या दोन चकत्या चिकटवल्या की मेंदूतले विजेचे तरंग कवटीबाहेर जेवढे झिरपतात तेवढे टिपले जातात."

"तरंगावरून भावना कशी ओळखणार? तरंगावर नाव लिहिलेलं असतं का?"

"तीच तर खरी मेहनत आहे." नंदू आता रंगात आला. "हजारो कुत्र्यांना मेंदूचं चित्र काढणाऱ्या मोठ्या यंत्रात जागेपणी, न हलता पडून राहायला शिकवलं. त्याच वेळी गळ्यात हा पट्टा. मग कुणाला मालकाच्या शर्टाचा वास दिला, कुणाला परक्याच्या. कुणाला फटाक्यांचा आवाज ऐकवला. मेंदूतला कुठला भाग जागा होतो आणि त्या क्षणी पट्ट्यावर काय उमटतं, याच्या जोड्या लावत गेले. लाखो जोड्या. आता मोठं यंत्र नसलं तरी पट्ट्यावरून आतलं बरंचसं ओळखता येतं. आणि गंमत सांगू? आपल्या मेंदूतला जो भाग काहीतरी चांगलं होणार म्हणून आतुर होतो ना, तोच भाग कुत्र्याच्या मेंदूत ओळखीच्या माणसाच्या नुसत्या वासाने जागा होतो."

"म्हणजे त्याला आपल्यासारखंच वाटतं?"

"यंत्रणा आपल्यासारखी आहे. वाटणं आपल्यासारखं आहे का, ते कसं सांगू? तुम्हाला हापूस गोड लागतो म्हणजे नक्की कसा लागतो, ते तरी मला कुठे कळतं?"

हे उत्तर बाईंना आवडलं. त्यांनी ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

नंदूने बाईंच्या फोनवर एक आडवी फीत लावून दिली. वेळ पुढे सरकेल तशी फीत रंग बदलत जायची. झोप करडी, कुतूहल हिरवं, राग लाल, भीती जांभळी आणि ओळखीच्या माणसाबद्दलची ओढ केशरी. बाईंनी चष्मा सारखा करून यादी दोनदा वाचली.

"यात अपराधाचा रंग कुठला?"

"तो नाही, बाई."

"नाही म्हणजे?"

"सापडला नाही अजून. कुत्र्याला अपराधी वाटतच नसेल, किंवा वाटत असेल आणि आमच्या यंत्राला दिसत नसेल."

"मग यंत्र अपुरं आहे," बाई म्हणाल्या. "मला नुसत्या डोळ्यांनी दिसतं."

* * *

गुरुवारी सकाळी काकू पुन्हा कुंपणापाशी. दुसरी कोंबडी गेली होती.

बाई अंगणात आल्या. कमरेवर हात. "भुंग्या, पुन्हा?"

कान मागे, शेपूट पोटाखाली, मान खाली, ओठांवरून जीभ. सोमवारचीच कबुली, तशीच्या तशी.

"उद्याच नेऊन सोडा हो याला," काकू म्हणाल्या, आणि बाईंनी नंदूला सांगायला फोन उचलला. पडद्यावर फीत उघडीच होती. त्यांनी सहज मागे सरकवली आणि जिन्याची पायरी चुकल्यासारख्या थबकल्या. रात्री नऊपासून पहाटेपर्यंत फीत करडी होती. भुंगा रात्रभर स्वयंपाकघराच्या दाराशी झोपलेला होता. पहाटे थोडं हिरवं, बाई उठल्या तेव्हा केशरी. काकू ओरडल्या तेव्हा पुन्हा हिरवं. आणि ज्या क्षणी बाईंनी "भुंग्या" म्हटलं, त्या क्षणापासून गडद जांभळं.

"काकू, हा रात्रभर झोपला होता."

"मग कोंबडी काय आपोआप मेली?"

"ते मला माहीत नाही. पण याने मारली नाही." बाईंनी भुंग्याकडे बघितलं. तो अजून मान खाली घालून उभा होता. "मग हा कबूल काय करतोय?"

ताबडतोब बोलावल्यामुळे नंदू एका म्हशीचं बाळंतपण उरकून तसाच चिखलाच्या बुटांनी आला. बाई त्याला बुटांवरून बोलल्या नाहीत, यावरूनच त्याला प्रकरण गंभीर आहे हे कळलं. त्याने खुराड्यामागे जाऊन जाळीखालचा उकरलेला खड्डा बघितला. "मुंगूस असणार. काकू, इथे दगड बसवा." मग ओटीवर येऊन म्हणाला, "आणि याचं म्हणाल तर बाई, ही कबुली नाही. हा घाबरलाय."

"एका फितीवरून ठरवू नकोस. काय शिकवलं होतं मी?"

"एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये," नंदू आठवीतल्या मुलासारखा घडाघडा म्हणाला.

"मग प्रयोग करू."

प्रयोग बाईंनी स्वतः आखला, आणि तो असा होता. माजघरात पाटावर एक बिस्किट ठेवायचं. भुंग्याला "नाही हं" म्हणून बाईंनी बाहेर जायचं. मग काकूंनी चिठ्ठी उचलायची. चिठ्ठीत असेल त्याप्रमाणे कधी ते बिस्किट भुंग्याला खाऊ घालायचं, कधी उचलून लपवायचं. दुसऱ्या चिठ्ठीत असेल त्याप्रमाणे बाहेर येऊन बाईंना सांगायचं, "खाल्लं" किंवा "नाही खाल्लं". ते खरं असो वा खोटं. खाल्लं म्हटलं तर बाईंनी आत जाऊन रागवायचं, नाही म्हटलं तर गोड बोलायचं. खरं काय घडलं ते बाईंना माहीतच नसणार, म्हणजे त्यांच्या मनातलं त्यांच्या चेहऱ्यावर येणार नाही. नंदूने दाराआडून भुंग्याची मान बघून नोंद करायची. त्यालाही चिठ्ठ्यांतलं काही ठाऊक नसणार. प्रयोग करणाऱ्याच्या अपेक्षेने उत्तर बिघडू नये म्हणून शास्त्रज्ञ स्वतःच्याच डोळ्यांवर अशी पट्टी बांधून घेतात.

शुक्रवारी आणि शनिवारी मिळून वीस खेपा झाल्या.

"सातवी खेप धरू नका," शेवटी काकू म्हणाल्या. "ते बिस्किट मी खाल्लं."

"तुम्ही?"

"सकाळपासून राबवताय हो. चहासुद्धा घेतला नव्हता मी."

सातवी खेप वगळली. उरलेल्या एकोणीस नोंदी बाईंनी जुन्या सवयीने वहीत रकाने पाडून मांडल्या. बिस्किट खाल्लं की नाही, याचा मान खाली जाण्याशी काहीच संबंध नव्हता. बाई रागावल्या की मान खाली. बाई गोड बोलल्या की, पोटात बिस्किट असलं तरी, मान वर. आणि सगळ्यात खाली मान कधी गेली होती? काहीच खाल्लं नसताना रागावल्या तेव्हा.

बाईंनी रकाने पुन्हा एकदा मोजले. आकडे तेच आले.

"आणि हे बघा," नंदूने फोन पुढे केला. "तुम्ही रागावता तेव्हा जांभळ्याच्या खाली एक बारीक केशरी रेघ आहे. ती एकदाही तुटलेली नाही."

"भीती आणि ओढ? एकाच वेळी?"

"त्यात काय नवल बाई? आठवी ब मध्ये आम्हा सगळ्यांचं तेच व्हायचं." तो हसला. बाई हसल्या नाहीत.

"नंदू," त्या म्हणाल्या. "भिंग हरवलं होतं तेव्हा तू रांगेत होतास."

नंदूचं हसू मावळलं. ते भिंग त्याला चांगलं आठवत होतं. जाड काचेचं, पितळी कड्याचं. त्यातून ऊन पाडून बाई वर्गात कागद पेटवून दाखवायच्या. ते हरवलं आणि त्याच्याच वर्गातल्या सुगंधा शेट्येवर आळ आला. जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनातून तिला काढलं. तिने बनवलेला सूर्याच्या उजेडावर चालणारा सूक्ष्मदर्शक तिच्याऐवजी नंदूने नेला. मुलं तिला भिंगचोर म्हणायची. पुढच्या जूनमध्ये ती शाळेत आली नाही. लांज्याला मामाकडे गेली असं कळलं.

"तूही खाली बघत होतास?" बाईंनी विचारलं.

"सगळेच बघत होतो, बाई. तुम्ही व्हरांड्यात आलात तेव्हापासून मी माझ्या पायाचा अंगठा बघत होतो. तो आजही मला तसाच आठवतो."

"मग मी तिच्यापाशीच का थांबले?"

नंदूने शर्टाच्या बटणाशी चाळा केला. "ती सगळ्यात बुटकी होती. उंचीप्रमाणे रांग होती ना. ती पहिली होती."

पहिल्याच मुलीने नजर खाली घातली आणि बाई तिथेच थांबल्या होत्या. दुसऱ्या मुलाचा चेहरा त्यांनी बघितलाच नव्हता. उरलेल्या चाळीस जणांचाही नाही. एकच निरीक्षण.

"उद्या आश्रमात कळवायचं आहे ना?" निघताना नंदूने हळूच विचारलं.

"काय कळवायचंय? भुंगा कुठे जात नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण तो मला इतका घाबरतो, याचं काय करू?"

"सोपं आहे. समोर उभं राहू नका. बसा, म्हणजे तुमची उंची कमी होते. डोळ्यांत रोखून बघू नका, दुसरीकडे कुठेतरी बघा. हात मांडीवर. आणि थांबा. हाक मारायची नाही. तो आला तर आला."

नंदू गेल्यावर बाई अंगणात पायरीवर बसल्या, फणसाच्या झाडाकडे बघत. गुडघे दुखायला लागले तरी हलल्या नाहीत. बऱ्याच वेळाने मांडीवर ओलं नाक टेकलं. फोन त्यांनी बघितला नाही.

* * *

सुगंधाचं चष्म्याचं दुकान बाजारपेठेत होतं. बारा वर्षं झाली ती कोल्हापूरहून शिकून गावात परत आली त्याला. बाई मात्र चष्मा रत्नागिरीहून करून आणायच्या. इथल्या काचा चांगल्या नसतात, असं त्या लोकांना सांगायच्या. त्या दुकानात त्या एकदाही शिरल्या नव्हत्या.

रविवारी सकाळी त्या शिरल्या. भुंगा पायरीवर बसून राहिला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. गल्ल्यामागे सुगंधा एका काचेची कड घासत होती. कानांजवळ केस पांढरे झालेले, गळ्यात भिंगाची साखळी. तिने वर बघितलं. बाईंना ओळखलं. आणि तिची मान खाली गेली.

चव्वेचाळीस वर्षांची बाई, स्वतःच्या दुकानात.

रेगेबाईंना गल्ल्यापाशी जाऊन उभं राहायचं होतं. त्या राहिल्या नाहीत. भिंतीशी एक बुटकं स्टूल होतं, त्यावर बसल्या. हात मांडीवर ठेवले आणि समोरच्या कपाटातल्या चौकटींकडे बघत राहिल्या. काळ्या, तपकिरी, लहान मुलांच्या निळ्या. घासण्याचं यंत्र थांबलं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं. बाहेर कुणीतरी कोकमाचा भाव विचारत होतं.

शेवटी सुगंधा गल्ल्याबाहेर आली. पाण्याचा पेला बाईंच्या बाजूला ठेवून दोन हात लांब उभी राहिली.

"चष्मा करायचाय?"

"सुगंधा, भिंग तू घेतलं नव्हतंस."

सुगंधाने श्वास रोखल्याचं बाईंना न बघताही कळलं.

"सापडलं ते?"

"नाही. ते कुणी घेतलं ते मला आजही माहीत नाही."

"मग मी घेतलं नाही हे कसं म्हणता?"

"बरोबर आहे तुझं. तसंही म्हणता येणार नाही." बाईंचा आवाज वर्गातला नव्हता. "तू घेतलंस याला काही पुरावा नव्हता. तू मान खाली घातलीस, एवढंच मी बघितलं. तेवढ्यावर निकाल दिला. तो मागे घ्यायला आले आहे."

"एकतीस वर्षांनी."

"एकतीस वर्षांनी."

"आणि आज काय झालं एकदम?"

बाईंनी दाराकडे बोट केलं. "त्याच्या गळ्यात पट्टा घातला. तोही मान खाली घालायचा. त्याने काही केलेलं नसायचं, मी समोर उभी असायचे."

सुगंधाने पायरीवरच्या काळ्या कुत्र्याकडे बघितलं, मग बाईंकडे. तिचा चेहरा लाल झाला. "कुत्र्यावरून कळलं तुम्हाला? मी घरी जाऊन रडले, माझे आई-वडील शाळेत आले, तुमच्या पाया पडले, त्यावरून नाही कळलं. कुत्र्यावरून कळलं."

"हो," बाई म्हणाल्या. "तुझ्यावरूनच कळायला हवं होतं."

त्यांची नजर आपोआप कपाटावरून उतरली, फरशीवर आली आणि स्वतःच्या पायाच्या अंगठ्यावर थांबली. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी त्यांना प्रथमच समजलं की रांगेत उभं राहिल्यावर अंगठा किती स्पष्ट दिसतो.

भुंगा पायरीवरून उठला. दारातून आत डोकावला, सुगंधाच्या साडीचा काठ हुंगला आणि तिच्या आणि बाईंच्या मधे आडवा होऊन पसरला. त्याला काय वाटलं असेल ते सांगायला फोन होता, पण तो बाईंच्या पिशवीत होता.

सुगंधा त्याला ओलांडून पुढे आली. मग तिने बाईंच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला. उजेडात धरला, उलटसुलट केला. "रत्नागिरीचा ना? डावी काच चुकीच्या जागी बसवलीय. वाचताना डोकं दुखत असेल."

"दुखतं," बाई म्हणाल्या. "चार वर्षं."

"या, इकडे बसा."

तपासणीच्या खुर्चीत सुगंधाने त्यांच्या नाकावर लोखंडी चौकट ठेवली, एक काच सरकवली आणि समोरचा अक्षरांचा तक्ता उजळला. भुंगा खुर्चीच्या पायाशी येऊन बसला. बाई अजूनही चपलांकडेच बघत होत्या. सुगंधाने दोन बोटं त्यांच्या हनुवटीखाली धरली.

"मान वर करा, बाई," ती म्हणाली. "खाली बघणाऱ्या माणसाचं मला काही कळत नाही."